कालप्रवासाचा प्रेमपट नाशिकमध्ये रचायचा तर: नियम, तारखा, वस्तू

गोदाकाठ

कालप्रवासाच्या प्रेमपटांची चर्चा बहुतेक वेळा 'कुठला आवडला' इथेच थांबते. हा धागा ते चित्रपट आतून कसे बांधलेत हे पाहण्यासाठी आहे, आणि नाशिकमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट लिहू पाहणाऱ्यांना हाताशी काहीतरी ठोस मिळावं यासाठी.

या चित्रपटांत काळाशी खेळायच्या ढोबळ चार तऱ्हा दिसतात. पहिली, एकच मोठी उडी: 'समव्हेअर इन टाइम' (१९८०) मधला नाटककार १९१२ सालात जातो. दुसरी, दोघांमध्ये कायम तेवढंच अंतर: कोरियन 'इल मारे' (२०००) आणि त्यावरून केलेला 'द लेक हाउस' (२००६), दोन्हींत पत्रपेटीच्या दोन टोकांना दोन वर्षांचा फरक. तिसरी, तोच दिवस पुन्हा पुन्हा: 'ग्राउंडहॉग डे' (१९९३). चौथी, एकाच्याच आयुष्याचा क्रम विस्कटलेला: 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००९). मूळ कादंबरीत नायिकेची नायकाशी पहिली भेट तिच्या सहाव्या वर्षी होते, त्याची तिच्याशी पहिली भेट त्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

माझं म्हणणं एकच आहे. प्रेमपटात यंत्र कसं चालतं यापेक्षा ते वापरण्याची किंमत काय, हे आधी ठरवा. दोघांची ताटातूट त्या नियमातूनच झाली पाहिजे. अपघात, खलनायक, वडिलांचा विरोध असं बाहेरून आणलेलं कारण वापरलंत तर कालप्रवास नुसता सजावटीला उरतो. 'बार बार देखो' (२०१६) मध्ये नायक पुढच्या पुढच्या वर्षांत फेकला जातो, पण त्या उड्यांनी त्याच्याकडून कायमचं काही हिरावलं जात नाही. म्हणून दृश्यं देखणी असूनही जीव टांगणीला लागत नाही.

नाशिकपुरता एक सांगाडा चर्चेला ठेवतो. अंतर बारा वर्षांचं, सिंहस्थ ते सिंहस्थ. तो २००३ मध्ये, ती २०१५ मध्ये, दोघं पंचवटीतल्या एकाच वाड्यातल्या एकाच खोलीत. कोनाड्यात ठेवलेली चिठ्ठी पलीकडे पोचते. सिंहस्थ संपला की कोनाडा बंद, पुढची संधी बारा वर्षांनी. अंतर लेखकाने ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. ते गावाच्याच पंचांगातून येतं. यात कुठे गळती आहे ते सांगा.

रीळमास्तर

सांगाडा उत्तम. 'समव्हेअर इन टाइम' काढलाच आहे तर त्यातल्या तीन गोष्टी बारकाईने बघा, तिन्ही इथे लागू पडतात.

नियम असा की नायक स्वतःला संमोहित करून मागे जातो, म्हणून 'मी १९१२ मध्येच आहे' ही खात्री टिकली पाहिजे. तो खोलीतून आजच्या काळाच्या सगळ्या खुणा हलवतो, जुना सूट चढवतो. सगळं जुळून आल्यावर खिशातून एक नाणं निघतं, त्यावर १९७९ छापलेलं. खात्री तुटते आणि तो ओढला जातो. ताटातूट नियमातून यावी म्हणता ती हीच. नाणं दिसायच्या आधीच प्रेक्षकाला नियम माहीत असतो, त्यामुळे त्या क्षणाला एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरी गोष्ट सूटची. त्याने मुद्दाम जुना सूट घेतला तरी १९१२ मधल्या लोकांना तो बऱ्याच वर्षांपूर्वीच्या फॅशनचा वाटतो. आपल्याकडे 'जुना काळ' दाखवताना सगळं एकाच पोत्यात भरतात. २००३ साठी १९८५ चे कपडे आणू नका.

तिसरी गोष्ट संगीताची. तो रॅखमानिनोव्हची एक धून गुणगुणतो. १९१२ मधल्या नायिकेला तो संगीतकार आवडतो, पण ही रचना तिने ऐकलेली नाही. बरोबरच आहे, ती १९३४ ची! एका ओळीत प्रेम, अंतर आणि धोका तिन्ही आले.

घड्याळाचं मात्र जपून. म्हातारपणी ती त्याला खिशातलं घड्याळ देते, तो तेच घेऊन मागे जातो आणि तिला देतो. म्हणजे ते घडवलं कोणी? आणि प्रत्येक फेरीत ते झिजत असेल तर कधीतरी मोडायला हवं. माणसांच्या भावनेच्या जोरावर तो चित्रपट हे पचवतो. लघुपटात तेवढा वेळ मिळत नाही. तिने २०१५ मधून पाठवलेली वस्तू त्याने बारा वर्षं जपून तिलाच परत दिली, असं लिहू नका. चिठ्ठीतला मजकूरसुद्धा असाच फिरता नको, म्हणजे तिने लिहिलेली कविता त्याने तिला ऐकवायची आणि तीच तिने पुन्हा लिहायची. कविता मग कोणाचीच राहत नाही.

तिथीवाचक

तारखांचं गणित देतो, कारण अशा कथा तिथेच फसतात.

तीच तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते, लीप वर्षामुळे आणखी एक. बारा वर्षांत साधारण तीन लीप वर्षं येतात. १२ अधिक ३ म्हणजे १५ दिवस, त्यातले १४ गेले की उरला एक. म्हणून तीच तारीख बारा वर्षांनी एक वार पुढे सरकते. १५ ऑगस्ट २००३ ला शुक्रवार, २०१५ मध्ये शनिवार, २०२७ मध्ये रविवार. त्याच्याकडे शाळा-ऑफिस चालू आणि तिच्याकडे सुट्टी, असे प्रसंग यातून आपोआप मिळतात. उलट हे विसरलात तर दोघांच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकसारखं दिसेल आणि पहिला चाणाक्ष प्रेक्षक तिथेच गळेल.

'युअर नेम' (२०१६) वर नेमका हाच आक्षेप घेतला जातो. या जपानी ॲनिमेशनपटात एक मुलगा आणि एक मुलगी अधूनमधून एकमेकांच्या शरीरात जागे होतात, आणि दोघांमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे. ४ ऑक्टोबर २०१३ शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१६ मंगळवार. एकमेकांच्या शरीरात शाळेत जाऊन, एकमेकांचे फोन वापरून वार जुळत नाही हे लक्षात कसं आलं नाही? चित्रपट स्वप्नाचं धुकं पुढे करतो. चिठ्ठ्यांच्या कथेला ती सवलत मिळणार नाही.

आता तिथी. नारळी पौर्णिमा २००३ मध्ये १२ ऑगस्टला होती, २०१५ मध्ये २९ ऑगस्टला, २०२७ मध्ये १७ ऑगस्टला. 'येत्या पौर्णिमेला रामकुंडावर भेटू' असं त्याने लिहिलं तर तिच्याकडे ती पौर्णिमा सतरा दिवस उशिरा येते, कारण २०१५ ला अधिक आषाढ होता. 'बारा तारखेला' लिहिणं आणि 'पौर्णिमेला' लिहिणं यात कथेची अख्खी चुकामूक दडलेली आहे. हे फुकट घालवू नका.

आणि सिंहस्थ म्हणजे अगदी बारा वर्षं नव्हे. गुरूची एक फेरी सुमारे ११.८६ वर्षांची. कोनाडा 'गुरू सिंह राशीत असेतो' उघडा ठेवलात तर उघडण्या-मिटण्याच्या तारखा दोन्हीकडे वेगळ्या येतील. दाते पंचांगाचे दोन्ही वर्षांचे अंक घेऊन बसा आणि मगच संहितेत तारीख टाका.

गोदाकाठ

तिथीवाचक, पौर्णिमेची चुकामूक थेट मधल्या वळणावर घेण्यासारखी आहे. तो १२ ऑगस्टला घाटावर थांबतो, आणि त्याच दिवशी तिच्या चिठ्ठीत 'अजून सतरा दिवस' असं येतं. वर्ष वेगळं असल्याचा पुरावा दोघांना तिथेच मिळतो.

मखमलाबाद_नाका

वस्तूंबद्दल लिहितो.

नोटा: रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागच्या बाजूला छपाईचं वर्ष २००५ पासून येतं. त्याआधीच्या महात्मा गांधी मालिकेतल्या नोटांवर ते नाही. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि २०११ पासून नोटांवर आलं. म्हणजे २००३ मधल्या माणसाच्या हातात शंभराची अशी नोट पडली की जिच्यावर न ओळखीचं चिन्ह आहे आणि मागे २०१२ लिहिलंय, तर रीळमास्तरांनी सांगितलेल्या नाण्याचं काम ती नोट करते. करन्सी नोट प्रेस आपल्याच नाशिकरोडला, १९२८ पासून. त्याच्या घरातलं कोणी प्रेसमध्ये कामाला दाखवा. ती व्यक्ती नोट उजेडात धरेल, सुरक्षा धागा आणि जलचिन्ह बघेल आणि म्हणेल, 'खरी आहे, पण अशी आपण छापत नाही.' या वाक्याने विज्ञानकथा उभी राहते.

चित्रीकरणासाठी नोट छापून घेऊ नका, नोटेशी साधर्म्य असलेला कागद करणंही गुन्ह्यात मोडतं. खरीच नोट वापरा. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा लागल्या तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे एका व्यक्तीकडे सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त असता कामा नयेत. अभ्यासक आणि संग्राहकांना पंचवीसपर्यंत सूट आहे. दृश्याला एक-दोन पुरतात.

कागद: बारा वर्षांत वहीचा चांगला कागद तपकिरी होत नाही. कडा किंचित पिवळ्या पडतात, घडी तेवढी मळते. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. वहीचा कागद एवढा रंगत नाही, म्हणून लघुपटांतली चहात बुडवलेली चिठ्ठी शंभर वर्षांची दिसते. कृती हवीच असेल तर: एक लिटर पाण्यात दोनच चमचे चहा पावडर, पाच मिनिटं उकळून गाळा आणि पूर्ण गार करा. कागद अर्धा मिनिट बुडवा, सपाट ठेवून सावलीत वाळवा, वर सुती कापड घालून मंद इस्त्री फिरवा. मग घडीच्या रेषेवर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने हलकेच चोळा. शाई बॉलपेनची, मजकूर आधी लिहून घ्या, ती पाण्याने फारशी पसरत नाही. बऱ्याच जेल पेनांची शाई चहात पसरते.

एसटीचं तिकीट ही मोहाची वस्तू आहे. २००३ चं तिकीट म्हणजे छापील तिकीट, कंडक्टरने चिमट्याने टोचलेलं. यंत्रातून निघणारी चकचकीत पट्टी उष्णतेने छापली जाते आणि वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. ती बारा वर्षं जपलेली दाखवली तर ते खोटंच वाटणार.

फोन: ऑगस्ट २००३ साठी नोकिया ३३१० चालेल, तो २००० चा. सगळ्यांना आठवतो तो ११००, पण तो २००३ च्या उत्तरार्धात आला, म्हणून टाळा. मोटरसायकलच्या टाकीवर 'हिरो होंडा'च हवं. नंबरप्लेट एमएच १५ ठीक, पण नवी उच्च सुरक्षा प्लेट नको, ती नव्या गाड्यांना २०१९ पासून आली. शहर बससेवाही तेव्हा एसटीची होती, महापालिकेची सिटीलिंक २०२१ ची. मागून सिटीलिंकची बस गेली की चित्रण पुन्हा करावं लागेल.

सायली_ना

वस्तू आणि तारखा जमतील. मला वाटतं या प्रकाराचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. एकाला माहीत असतं, दुसऱ्याला नसतं.

'अबाउट टाइम' (२०१३) घ्या. घराण्यातल्या पुरुषांनाच मागे जाता येतं, तेही स्वतःच्या आयुष्यात, अंधाऱ्या जागी मुठी आवळून. नायक तिला पहिल्यांदा भेटतो, मग ओळखीच्या एका नाटककाराचं नाटक वाचवायला मागे गेल्यामुळे ती भेटच पुसली जाते, आणि तो तिच्याबद्दल मिळवलेली माहिती वापरून पुन्हा ओळख काढतो. शेवटपर्यंत तिला यातलं काहीच कळत नाही. मला तो चित्रपट मनापासून आवडतो, वडील-मुलाचा भाग तर फार. पण हा संसार तिला अर्धाच ठाऊक आहे, आणि चित्रपट त्या प्रश्नाला हात लावत नाही. 'ग्राउंडहॉग डे'मध्ये निदान हे दाखवलंय की माहिती गोळा करून तिला जिंकायचा प्रत्येक प्रयत्न थोबाडीत संपतो. तो तिला मिळवायचं सोडून देतो, तेव्हाच काहीतरी बदलतं.

चिठ्ठ्यांच्या सांगाड्यात ही असमानता उलटी आहे. ती पुढे आहे, म्हणून तिला त्याचं भविष्य माहीत असू शकतं. तो आज २०१५ मध्ये कुठे आहे, त्याचं लग्न झालंय का, तो हयात आहे का, हे ती शोधू शकते. शोधते की नाही? न शोधण्याचं कारण लिहावंच लागेल, कारण २०१५ मध्ये प्रत्येकाच्या हातात फोन आहे. प्रेक्षक दुसऱ्या चिठ्ठीलाच म्हणणार, 'नाव टाकून बघ ना.'

माझी सूचना: तिला शोधू द्या, पाचव्या मिनिटाला. सापडलेलं त्याला सांगायचं की नाही, यावर उरलेला चित्रपट उभा करा. आणि तोही निष्क्रिय नको. २००३ मध्ये ती बारा वर्षांनी लहान आहे, याच शहरात असेल. 'लेक हाउस'चा नायक तिच्या तरुणपणीच्या रूपाला भेटतो, तिथे दोघंही प्रौढ आहेत म्हणून ते चालतं. तुमची नायिका २०१५ मध्ये चोवीस वर्षांची असेल तर २००३ मध्ये ती बारा वर्षांची मुलगी आहे, आणि तो तिला शोधत शाळेपाशी उभा राहिला तर प्रेमकथा तिथेच मेली. तिचं वय २०१५ मध्ये निदान छत्तीस ठेवा. मग २००३ मध्ये ती चोवीसची, आणि कथा दोन प्रौढांची.

रीळमास्तर

वयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. छत्तीस दाखवताना एक सांभाळा: अभिनेत्रीला कानाजवळ पांढरे केस आणि चाळिशीचा चष्मा चढवू नका. जवळचं वाचायचा चष्मा बहुतेकांना चाळिशीच्या आसपास लागतो. चोवीस आणि छत्तीस यातला फरक केसांचा भांग, चालण्याचा वेग आणि बोलताना मध्ये थांबण्याची सवय यांतून दाखवता येतो. एकच अभिनेत्री दोन्ही वयांत हवी.

पंचवटीकर

कोनाड्याच्या जागेबद्दल. काही जण घाटावरची दिवळी सुचवतील, चित्रात ती सुंदरच दिसते. पण एक अडचण आहे. पत्र जादूने लगेच पोचतं ते वेगळं, आणि त्याने २००३ मध्ये एखादी वस्तू लपवली आणि ती तिने २०१५ मध्ये उकरून काढली, हा संथ मार्ग वेगळा. अशा कथांत दुसरा मार्ग कधी ना कधी वापरला जातोच, कारण पडताळणीचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. आणि मध्ये सप्टेंबर २००८ चा पूर आहे. घाटावर लपवलेली पत्र्याची डबी त्या पुरातून टिकणार नाही. ती वाड्याच्या माळ्यावर, तुळईच्या खोबणीत ठेवा.

पूर वाईटच असं नाही, तो कथेत घेता येतो. गोदेला पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. ती त्याला लिहू शकते की २००८ ला खालच्या मजल्यावर काही ठेवू नकोस. २००३ च्या माणसाला ही पाच वर्षं पुढची खबर. तो जपतो आणि वस्तू टिकते. संवाद न लिहिता प्रेम दिसण्याची ही जागा आहे.

चित्रीकरणाचं: जुलै ते सप्टेंबर रामकुंडावरची पातळी भरवशाची नसते, वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काही तासांत पायऱ्या बुडतात. घाटावरची दृश्यं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पण कथा ऑगस्टची असेल तर हिवाळ्यात कोरड्या पायऱ्या आणि स्वेटर घातलेली माणसं मागे दिसणार. उपाय: घाट पहाटे, लांबून आणि माणसांशिवाय घ्या; जवळची दृश्यं वाड्यातच ठेवा आणि पाऊस आवाजातून आणा. पत्र्यावरचा पाऊस ध्वनिमुद्रित करायला जुलैची एक रात्र पुरते.

आडगाव_नाका

एक जड मुद्दा मांडतो, तो टाळून ही कथा लिहिता येणार नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त भाविक गेले. २०१५ मध्ये बसलेल्या नाशिककर बाईला हे माहीत आहे. तो २००३ च्या ऑगस्टमध्ये आहे. ती त्याला सांगणार नाही? आणि सांगितलं तर तो काय करणार? हे पान न उलटता दोघं पौर्णिमेच्या गोड चिठ्ठ्या लिहीत बसले तर मला त्या दोघांबद्दल काहीच वाटणार नाही. ज्या घरांतली माणसं गेली त्यांनी हा लघुपट पाहिला तर काय वाटेल, याचाही विचार करा.

माझ्या मते सरळ २०१५ आणि २०२७ घ्या.

तिथीवाचक

२०१५–२०२७ मध्ये वेगळी पंचाईत आहे. दोन्ही टोकांना स्मार्टफोन, आधार, यूपीआयचा किंवा त्याच्या तोंडावरचा काळ. शोधणं इतकं सोपं की चिठ्ठीची गरजच उरत नाही. शिवाय २०२७ चं शहर कसं दिसेल ते आज चित्रीत करता येत नाही.

सायली_ना

आडगाव_नाका यांच्याशी सहमत, पण निष्कर्ष माझा उलटा आहे. हीच त्या कथेची किंमत. 'युअर नेम'मध्ये धूमकेतूची आपत्ती मध्यावर उघड होते आणि तिथून प्रेमकथा गाव वाचवण्याची कथा होते. तिथे आपत्ती काल्पनिक आहे, म्हणून लोकांना वाचवता आलं. खऱ्या, गेलेल्या माणसांना पडद्यावर वाचवून दाखवणं मला बरोबर वाटत नाही.

मग मार्ग असा: नियम ठरवा की पलीकडे पोचलेल्या कागदावर, जे अजून घडायचंय त्याबद्दल लिहिलेली ओळ कोरी होऊन जाते. ती २७ ऑगस्टबद्दल लिहिते, त्याला कोरी जागा दिसते. पुन्हा लिहिते, पुन्हा कोरी. तो विचारतो, 'तू मधे इतकी जागा का सोडतेस?' तिला कळतं की त्याला कळणार नाही. दुर्घटना दाखवायची नाही, एक आकडाही उच्चारायचा नाही. फक्त ती त्या दिवशी त्याला घराबाहेर पडू नये म्हणून दुसऱ्याच कुठल्या कारणाने अडवून ठेवते. एकाला अडवता आलं, बाकीच्यांना नाही, हे तिच्या चेहऱ्यावर राहील.

पंचवटीकर

मग माझी २००८ च्या पुराची सूचना बाद होते. तीही पुढची खबर आहे, कोरीच पोचणार.

गोदाकाठ

बाद होऊ द्या. नियम एकदा लावला की आवडत्या प्रसंगालाही तोच लागला पाहिजे. 'अबाउट टाइम'मध्ये फक्त पुरुषांना जमतं असं सांगून पुढे नायक बहिणीला हात धरून मागे नेतो, आणि त्या चित्रपटावर पहिला आक्षेप याचाच येतो. उलट मुलाचा नियम ते पाळतात: मूल होण्याआधीच्या काळात ढवळाढवळ केली तर परत आल्यावर वेगळंच मूल समोर असतं. त्यामुळे वारलेल्या वडिलांना मागे जाऊन भेटण्याचा शेवटचा दिवस आपोआप ठरतो. तो चित्रपट तिथेच सर्वांत उंच जातो.

सायली, ओळ कोरी होण्याचा नियम घेतला तर तिने शोधून काढलेलं त्याचं भविष्यही त्याला सांगता येणार नाही. तुमचा पाचव्या मिनिटाचा मुद्दाही सुटला.

आणि रुपयाचं चिन्ह असलेली नोट? चिठ्ठी नव्हे, वस्तू. तिच्यावरचं २०१२ पुसलं जाईल का?

मखमलाबाद_नाका

नियमाचे शब्द नीट लिहा: 'कोनाड्यातून गेलेली, हाताने लिहिलेली, पुढच्या घटनेबद्दलची ओळ कोरी होते.' छापील अंक टिकतो. मग नोट हीच एकमेव फट राहते. एवढी एकच ठेवा. दोन फटी ठेवल्यात तर प्रेक्षक तिसरी स्वतः शोधेल: छापील वर्तमानपत्र का नाही पाठवत? म्हणून कोनाडाच इतका लहान करा की घडी घातलेला एक कागद किंवा एक नोट मावेल. कोनाड्याऐवजी तुळईतली फट, चार इंच लांब, अर्धा इंच उंच. कात्रण तरी मावेलच म्हणाल, तर तिने एकदा पाठवून बघावं आणि ते अडकून फाटावं. तो प्रसंग दहा सेकंदांचा.

उजेडवाला

तांत्रिक बाजू. दोन काळ रंगछटा बदलून वेगळे करू नका, जुनं म्हणजे पिवळट ही खूण आता कंटाळवाणी झालीय. खरा फरक दिव्यांत आहे. २००३ च्या रस्त्यावर सोडियमचा नारिंगी उजेड, घरात ट्यूब आणि पिवळा बल्ब. २०१५ मध्ये सीएफएल आणि पांढऱ्या एलईडीची सुरुवात. खिडकीबाहेर एक नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला दिवा ठेवला तरी काळ कळतो.

२००३ च्या खोलीत जुना टीव्ही चालू असेल तर २५ फ्रेम आणि एकपन्नासांश सेकंद शटर ठेवा, नाहीतर पडद्यावर काळा पट्टा सरकत राहील. ट्यूबलाइटलाही हेच लागू, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनवर चित्रीकरण असेल तर ३० फ्रेमचं मूळ सेटिंग आधी बदला.

रेडिओवर जुनं गाणं वाजवायचं असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे मुद्रण मुक्त झालं तरी गाणं मुक्त झालेलं नसतं. स्वतःची चाल करून घेणं सोपं.

ड्रोन: नाशिकरोडची छापखान्यांची हद्द, देवळालीचा लष्करी भाग, ओझर विमानतळ, ही नावं घेतली तरी पुरे. ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर लाल-पिवळा पट्टा पाहिल्याशिवाय उडवू नका. पांडवलेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, तिथे पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. घाटासाठी महापालिका आणि पोलीस दोन्ही.

नवखा_लेखक

चक्राची कथा, म्हणजे तोच दिवस पुन्हा पुन्हा, कमी खर्चात होत नाही का? एकच ठिकाण, एकच कपडे.

उजेडवाला

कपड्यांचा खर्च वाचतो, उजेडाचा वाढतो. दिवस एकच म्हणजे ढग, सावली, मागच्या फळवाल्याची मांडणी, सगळं रोज तसंच हवं. डिसेंबरात नाशिकला सातच्या सुमारास उजाडतं, तुम्हाला हवा तसा तिरपा उजेड जेमतेम तासभर टिकतो. सात फेऱ्यांची कथा असेल तर त्याच कोपऱ्यातली सातही दृश्यं एकाच सकाळी सलग घ्या आणि फेऱ्या संकलनात विखुरा. दिवसांत वाटून घेतलीत की जुळणार नाही. खोलीत घेणार असाल तर खिडकीला ट्रेसिंग पेपर लावून बाहेर दिवा ठेवा, मग सूर्याची गरज नाही.

तिथीवाचक

एक अवांतर. काळ आक्रसून दाखवण्याची युक्ती आपल्याच त्र्यंबकेश्वरच्या माणसाने फार आधी वापरलीय. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचा वेल वाढताना थोडं थोडं चित्रीत करून 'अंकुराची वाढ' केली. बारा वर्षांची उडी दाखवायला ही युक्ती आजही चालेल: वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ, टप्प्याटप्प्याने. आणि मराठीत या विचाराची परंपरा जयंत नारळीकरांच्या कथांची आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाची वाट एका लढाईपाशी कशी फुटते ते पाहा. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते.

गोदाकाठ

आता संहितेआधी करायचा तक्ता देतो, इथल्या सगळ्या सूचना धरून. पाच रकाने: पडद्यावरचा क्रम, त्याची तारीख-वार, तिची तारीख-वार, त्या क्षणी त्याला काय माहीत, तिला काय माहीत. शेवटचे दोन रकाने भरताना चुका सापडतात. एखाद्या दृश्यात दोघांना सारखंच माहीत असेल तर ते दृश्य बहुधा काढता येतं. वीस मिनिटांत सात चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या: चार तिच्या, तीन त्याच्या. शेवटची तिची असावी आणि उत्तर कोनाड्यातून येऊ नये, कारण सिंहस्थ संपलाय.

सायली_ना

उत्तर संथ मार्गाने यावं. तो २०१५ मध्ये हयात आहे, एकोणचाळीसचा, हे तिने पाचव्या मिनिटाला शोधलंय आणि मुद्दाम भेटलेली नाही. कारण तिने आज लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याने बारा वर्षांपूर्वीच वाचल्यात, पण शेवटची लिहून व्हायच्या आत ती त्याच्यासमोर गेली तर ती तेवढीच चिठ्ठी कधी लिहिलीच जाणार नाही. म्हणजे थांबणं हे तिचं काम, आणि बारा वर्षं थांबणं हे त्याचं. ओळख दाखवायला त्याने तीच २०१२ ची नोट आणावी.

मखमलाबाद_नाका

नोट मग फिरती वस्तू होत नाही, हे बरं. ती छापखान्यातून निघाली, तिच्याकडे आली, मागे गेली, त्याच्याकडे बारा वर्षं राहिली, बस. पण २०१२ नंतर ते २०१५ पर्यंत एकाच क्रमांकाच्या दोन नोटा एकाच वेळी अस्तित्वात असतील, एक त्याच्या डबीत आणि एक चलनात. क्रमांक जवळून दाखवणार असाल तर दोन्ही दृश्यांत तीच एक खरी नोट वापरा आणि त्याच्याकडची घडीवर जास्त मळलेली दिसू द्या. आधी तिची दृश्यं घ्या, मग नोट मळवा. उलट क्रमाने केलंत तर स्वच्छ नोट परत मिळणार नाही.